लाईट आली की दोन व्हीएमना एकच मॅक ॲड्रेस: रँडम पत्ते पुन्हा पुन्हा तेच का येतात

जून लागला की गोव्यातल्या फोंडा, डिचोली, वाळपई या भागातल्या कॉम्प्युटर लॅबमधून एक ठरावीक तक्रार यायला लागते. वीज कडाडते, लाईट जाते, थोड्या वेळाने येते, सगळे पीसी एकदम सुरू होतात आणि त्यानंतर दोन-चार व्हर्च्युअल मशीनचं (व्हीएम, म्हणजे पीसीच्या आत चालणारा आभासी कॉम्प्युटर) नेटवर्क बिनसतं. ते पूर्ण बंद पडत नाही. एका मशीनवर पिंगची काही पॅकेट जातात, मग थांबतात, आणि तेवढ्यात मागच्या बाकावरच्या मशीनवर ती जायला लागतात. "सर, माझं चाललं होतं, त्याने लॉगिन केलं आणि माझं गेलं," असं मुलं सांगतात. ती अगदी बरोबर सांगत असतात. मग कुणीतरी त्यातला एक पीसी बंद करून परत सुरू करतं, सगळं सुरळीत होतं आणि पुढच्या गडगडाटापर्यंत विषय मिटतो.

रीस्टार्ट केलं की मिटतो, म्हणूनच हा बिघाड वर्षानुवर्षं मुक्काम ठोकून राहतो. केबल बदलून होते, स्विच बदलून होतो, इंटरनेट देणाऱ्याला चार शब्द ऐकवून होतात. कारण मात्र बहुतेक वेळा व्हीएमसाठी रँडम मॅक ॲड्रेस, म्हणजे नेटवर्क कार्डाचा सहा बाइटांचा ओळखपत्ता, तयार करणाऱ्या एका छोट्या कमांडमध्ये दडलेलं असतं. ही कमांड म्हणजे चार ओळींची स्क्रिप्ट. ती कुणी लिहिली हे लॅबमध्ये कुणालाच आठवत नाही, कारण ती पेनड्राइव्हवरून एका लॅबमधून दुसऱ्या लॅबमध्ये गेलेली असते.

मांडणी सगळीकडे साधारण सारखीच असते: २० पीसी, प्रत्येकावर लिनक्स, त्यावर केव्हीएममध्ये (व्हीएम चालवणारी लिनक्सची सोय) एक-दोन व्हीएम, आणि त्या ब्रिजमार्फत (पीसीच्या आतला आभासी स्विच) लॅबच्या नेटवर्कला जोडलेल्या. पीसी बूट होताना ती स्क्रिप्ट चालते, पत्ता तयार करते आणि व्हीएमला देते. तुमची मांडणी थोडी वेगळी असली, कंटेनर असले किंवा छोटे बोर्ड असले, तरी पुढचं बहुतेक सगळं लागू पडेल. कमांडची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत, टर्मिनलवर ती नेहमीसारखी रोमी लिपीतच टाइप करायची.

आधी एक गोष्ट पक्की करा: पत्ते खरोखरच जुळे आहेत का? लाईट येऊन बिघाड झालेला असतानाच, काहीही रीस्टार्ट न करता, प्रत्येक पीसीवर व्हर्श डोमआयएफलिस्ट ही कमांड व्हीएमचं नाव देऊन चालवा. येणारे मॅक ॲड्रेस बाकाच्या क्रमांकासह कागदावर घ्या किंवा एका फाइलमध्ये गोळा करा. मग फक्त पत्त्यांचा रकाना सॉर्टमधून काढून युनिक कमांडला डी हा पर्याय देऊन पाहा. ही कमांड फक्त दोनदा आलेल्या ओळी दाखवते. बाक ४ आणि बाक ११ या दोन्हींसमोर ५२:५४:००:३सी:७१:बी८ असं काही दिसलं, तर चोर सापडला. यादी रिकामी आली तर मॅक जुळे नाहीत, आणि तुमचं दुखणं वेगळं आहे. त्याबद्दल पुढे मशीन-आयडीच्या भागात लिहिलं आहे, तिकडे थेट गेलात तरी चालेल.

जुळ्या मॅकचा परिणाम असा विचित्र का होतो, ते स्विचच्या वागण्यावरून कळतं. कोणता मॅक कोणत्या पोर्टवर आहे, हे स्विच येणाऱ्या फ्रेमवरून शिकतो, आणि जो शेवटी बोलला त्याचं पोर्ट खरं मानतो. बाक ४ने पॅकेट पाठवलं की त्या पत्त्याचं सगळं उत्तर बाक ४कडे जातं. बाक ११ने पाठवलं की प्रवाह तिकडे वळतो. आयपी वाटणाऱ्या डीएचसीपी सर्व्हरला तर दोन मशीन आहेत हे समजतच नाही. एकाच मॅकवरून दोनदा विचारणा झाली असं समजून तो दोघांनाही एकच आयपी देतो. त्यामुळे आयपीचा झगडा शोधणाऱ्या नेहमीच्या तपासण्याही गप्प बसतात. आर्प टेबलमध्ये, म्हणजे कोणता आयपी कोणत्या मॅकचा या यादीत, एक आयपी, एक मॅक, सगळं आलबेल दिसतं. बाहेरून एसएसएच केलं तर मात्र कधी जुनी होस्ट की दिसते, कधी "होस्टची ओळख बदलली आहे" असा मोठा इशारा येतो. तो इशारा आलटून पालटून येत असेल, तर जुळ्या मॅकची शंका लगेच घ्यावी. चांगल्या प्रतीचा स्विच असेल तर त्याच्या लॉगमध्ये मॅक एका पोर्टवरून दुसऱ्या पोर्टवर उड्या मारत असल्याची नोंदही मिळते.

जुळे पत्ते सापडल्यावर पुष्कळ जण म्हणतात, "रँडम आहे, कधीतरी सारखे यायचेच." हे म्हणणं आकड्यांपुढे टिकत नाही, आणि ते टिकत नाही हे समजणं हाच या दुरुस्तीचा कणा आहे. केव्हीएमच्या पत्त्याचे पहिले तीन बाइट, म्हणजे ५२:५४:००, ठरलेले असतात. उरलेले तीन बाइट रँडम, म्हणजे २४ बिट, म्हणजे १,६७,७७,२१६ शक्यता. २० मशीनच्या जोड्या होतात १९०. तेव्हा कुठलीतरी एक जोडी जुळण्याची शक्यता सुमारे ८८ हजारांत एक. वर्गातल्या २३ मुलांत दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते, हे गणित अनेकांना माहीत असतं. त्याच हिशोबाने इथे शक्यता निम्म्यावर यायला ४,८००हून अधिक मशीन लागतील. वीस पीसींच्या लॅबमध्ये एकाच पावसाळ्यात हे परत परत घडत असेल, तर तो योगायोग नव्हे. पत्ते रँडम नाहीतच.

मग ते कशातून येतात? घड्याळातून.

त्या पेनड्राइव्हवरच्या स्क्रिप्ट उघडून पाहिल्या की तीन-चारच प्रकार दिसतात. पहिला प्रकार ऑक या मजकूर हाताळणाऱ्या कमांडचा. ऑकमधलं रँड हे फंक्शन एसरँड न बोलावता वापरलं, तर जी-ऑक (ऑकची एक आवृत्ती) प्रत्येक वेळी तीच मालिका पहिल्यापासून सुरू करतो. म्हणजे शंभर वेळा चालवा, पत्ता तोच. उबुंटूवर सहसा जी-ऑकऐवजी एम-ऑक असतो आणि तो सुरुवातीलाच स्वतः सीड (रँडम मालिका जिथून सुरू होते तो आकडा) घालून घेतो. म्हणून तीच स्क्रिप्ट घरच्या उबुंटू लॅपटॉपवर झकास चालते आणि फेडोरा असलेल्या लॅबमध्ये तेच ते पत्ते देते. यावर उपाय म्हणून कुणीतरी एसरँड घातलेलं असतं. पण जी-ऑकमध्ये काहीही न देता बोलावलेलं एसरँड चालू वेळ सीड म्हणून घेतं, आणि तीही सेकंदात मोजलेली. एकाच सेकंदात चाललेल्या दोन प्रती एकच पत्ता देतात.

दुसरा प्रकार डेट आणि एमडी५चा: तारीख-वेळ घ्यायची, एमडी५सम या मजकुरापासून ठरावीक लांबीची अक्षरं बनवणाऱ्या कमांडमधून काढायची आणि पहिली काही अक्षरं उचलायची. निकाल दिसायला इतका विस्कटलेला असतो की त्यावर शंका येत नाही. पण एमडी५ स्वतःहून काहीच रँडम आणत नाही. आत गेलेली वेळ सारखी, तर बाहेर आलेला पत्ता सारखा. तिसऱ्या प्रकारात वेळेऐवजी होस्टनेम घेतात. टेम्प्लेटवरून क्लोन केलेल्या सगळ्या मशीनचं होस्टनेम एकच राहिलेलं असलं, की सगळ्यांना एकच पत्ता. बॅशमधला रँडम हा व्हेरिएबल ० ते ३२,७६७ यांमधला आकडा देतो आणि आपलं सीड बऱ्यापैकी सांभाळतो. पण "नीट रँडम व्हावं" म्हणून कुणी त्यालाच डेटचे सेकंद देऊन सुरुवात केली असेल, तर तोही ऑकच्या पंगतीला जाऊन बसतो.

आता लाईटचा संबंध. नेहमीच्या दिवशी मुलं येतात, आपापला पीसी सुरू करतात, त्यात पाच-दहा मिनिटं जातात. सेकंद वेगवेगळे पडतात, पत्ते वेगवेगळे येतात, स्क्रिप्ट उत्तम वाटते. पण बायोसमध्ये "वीज परत आली की सुरू हो" हा पर्याय लावलेला असेल, तर लाईट येताच वीसच्या वीस पीसी एकदम उठतात. स्क्रिप्ट चालण्याची वेळ मिनिटभरात पसरलेली असेल असं धरू. म्हणजे सीड म्हणून ६० आकडे, आणि घेणारे २०. जोड्या १९०, भागिले ६०: सरासरी तीन जोड्या जुळणार. एकही जोडी न जुळण्याची शक्यता तीन टक्क्यांहूनही कमी. दोन-चार व्हीएमचं बिनसतं ही तक्रार आणि हे गणित एकमेकांना किती चपखल बसतात, पाहा. चवथीची सुट्टी संपवून लॅब उघडताना मेन स्विच टाकला की हेच होतं, त्याला पाऊसही लागत नाही.

याहून वाईट अवस्था जुन्या पीसींची. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलेला असेल, तर वीज असेपर्यंत घड्याळ चालतं, आणि वीज गेली की ते बायोसच्या ठरावीक तारखेवर परत जातं. एकाच खरेदीतले, एकाच मॉडेलचे पीसी असतील तर ती तारीखही एकच आणि बूट व्हायला लागणारा वेळही जवळजवळ एकच. मग मिनिटभराचा पसाराही उरत नाही. रास्पबेरी पाय ४पर्यंतच्या बोर्डांवर तर बॅटरीवर चालणारं घड्याळच नाही. बंद होताना फाइलमध्ये ठेवलेली वेळ घेऊन ते सुरुवात करतात. एकाच एसडी कार्डाच्या प्रती काढून बसवलेले बोर्ड पहिल्यांदा सुरू होताना तंतोतंत एकाच क्षणी जागे होतात. नेटवर्कवरून घड्याळ जुळवणाऱ्या एनटीपीने वेळ दुरुस्त होईल म्हणावं, तर एनटीपीला नेटवर्क लागतं आणि नेटवर्कला आधी मॅक ॲड्रेस लागतो.

स्वतःच्या स्क्रिप्टची परीक्षा घ्यायची तर ती एका लूपमध्ये पन्नास वेळा लागोपाठ चालवा आणि निकाल सॉर्ट करून, युनिक कमांडला सी पर्याय देऊन मोजा. पन्नास वेगळे पत्ते यायला हवेत. एक-दोनच आले, तर सीड सेकंदांचं आहे किंवा घातलेलंच नाही हे सिद्ध झालं. होस्टनेमवाली स्क्रिप्ट एकाच पीसीवर तपासून काही कळणार नाही, ती दोन पीसींवर चालवून पाहावी.

दुरुस्ती सोपी आहे: घड्याळाला विचारायचंच नाही, कर्नलला विचारायचं. लिनक्समध्ये डेव्ह फोल्डरातली यूरँडम ही फाइल त्यासाठीच आहे. ओडी कमांडला तिच्यातून सहा बाइट हेक्समध्ये वाचायला सांगा. पर्याय तीन: कॅपिटल ए ला जोडून स्मॉल एन, म्हणजे डावीकडचा मोजणीचा रकाना जातो. कॅपिटल एन ला जोडून ६, म्हणजे तेवढेच बाइट. आणि स्मॉल टी ला जोडून एक्स१, म्हणजे एकेक बाइट सुटा दिसतो. ५२:५४:०० ही सुरुवात ठेवायची असेल तर तीनच बाइट वाचा. पायथॉन वापरत असाल तर सीक्रेट्स मॉड्यूलमधलं टोकन-बाइट्स हेच काम करतं. या दोन्हींत सीड नावाची भानगड तुमच्या हातात येतच नाही, आणि तेच हवं आहे.

बूटच्या अगदी पहिल्या क्षणांत, कर्नलचा स्वतःचा साठा तयार होण्याआधी यूरँडम वाचणं टाळावं. स्क्रिप्ट नेटवर्क सेवेच्या जरा आधी चालत असेल तर हरकत नाही, त्याहून आधी नेऊ नका. व्हीएमच्या आतून पत्ता तयार करत असाल तर तिला व्हर्टआयओ-आरएनजी हे उपकरण जोडून द्या, म्हणजे तिला होस्टकडून खरा रँडम मसाला मिळतो.

यूरँडममधून सहाच्या सहा बाइट घेतल्यावर नवीनच तक्रार सुरू होते: "कधी पत्ता लागतो, कधी 'कॅनॉट असाइन रिक्वेस्टेड ॲड्रेस' अशी एरर येते." इथेही नशीब नाही, पहिला बाइट आहे. मॅक ॲड्रेसच्या पहिल्या बाइटच्या सगळ्यात उजवीकडच्या बिटवर तो पत्ता एका मशीनचा आहे की मल्टिकास्ट गटाचा, हे ठरतं. बिट १ असला तर पत्ता गटाचा, आणि कोणत्याही कार्डाला गटाचा पत्ता लावायला कर्नल नकार देतो. आंधळेपणाने सहा बाइट घेतले तर निम्मे पत्ते असेच बाद होतात. त्याच्या डावीकडचा बिट सांगतो की पत्ता उत्पादकाने दिलेला आहे की आपण जागेवर तयार केलेला. तो ० राहिला तर पहिले तीन बाइट आयईईई या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने एखाद्या कंपनीला दिलेल्या क्रमांकाशी जुळू शकतात. मग नेटवर्क स्कॅनरमध्ये तुमची व्हीएम एखादा प्रिंटर किंवा कॅमेरा म्हणून मिरवते, आणि शोधणारा माणूस नसलेला कॅमेरा शोधत लॅबभर फिरतो.

म्हणून पहिल्या बाइटवर दोन क्रिया करायच्या: शेवटचे दोन्ही बिट पुसायचे, मग उजवीकडून दुसरा बिट १ करायचा. समजा पहिला बाइट ९डी आला. बायनरीत तो १००१११०१. शेवटचे दोन पुसले की १००१११००. दुसरा बिट लावला की १००११११०, म्हणजे ९ई. असं केलं की पहिल्या बाइटचा दुसरा हेक्स अंक नेहमी २, ६, ए किंवा ई यांपैकीच येतो, आणि डोळ्यांनी तपासायची खूणही तीच. केव्हीएमचा ५२ या कसोटीत बसतो. आयईईईने २०१७मध्ये या चार अंकांचीही वाटणी केली आहे आणि त्यात २ हा अंक स्थानिक व्यवस्थापकाला मोकळा सोडला आहे. नवीन स्क्रिप्ट लिहीत असाल तर दुसरा अंक सरळ २ ठेवा. वरच्या उदाहरणात पत्ता ९२ने सुरू होईल.

आता तो दुसरा प्रकार: मॅक सगळे वेगळे, तरी दोन व्हीएमना आयपी एकच. आधीच्या दुखण्याची लक्षणं आणि याची लक्षणं इतकी सारखी असतात की स्क्रिप्ट दुरुस्त केल्यावरही हा राहिला, तर माणूस दुरुस्तीवरचाच विश्वास गमावतो. फरक ओळखायला, हा आयपी कुणाचा असं नेटवर्कला विचारणारी आर्पिंग ही कमांड वापरा. त्या आयपीला आर्पिंग केलं आणि दोन वेगवेगळ्या मॅककडून उत्तरं आली, तर ही केस मशीन-आयडीची.

कारण असं. डीएचसीपीच्या नियमांत, म्हणजे १९९७च्या आरएफसी २१३१मध्ये, मशीनने स्वतःचा क्लायंट आयडेंटिफायर पाठवला तर सर्व्हरने मॅकऐवजी त्यावरून ओळख पटवायची, अशी सोय आहे. लिनक्सच्या सेवा सांभाळणाऱ्या सिस्टमडीचा नेटवर्क भाग, सिस्टमडी-नेटवर्कडी, हा आयडेंटिफायर ईटीसी फोल्डरातल्या मशीन-आयडी या फाइलमधून तयार करतो. उबुंटू सर्व्हरवर १८.०४पासून नेटप्लॅन या नेटवर्क सेटिंगच्या साधनामागे तोच काम करतो. एक व्हीएम नीट बसवली, तिची डिस्क कॉपी करून वीस केल्या, की वीसही जणींकडे एकच मशीन-आयडी. मॅक कितीही रँडम दिलात तरी सर्व्हरच्या लेखी ती एकच मशीन, आणि तो इमानदारीने तिला तिचा जुना आयपी देत राहतो.

इलाज टेम्प्लेटवर करायचा, क्लोनवर नव्हे. क्लोन काढण्याआधी टेम्प्लेटमधली मशीन-आयडी फाइल रिकामी करा. फाइल राहू द्या, आतला मजकूर तेवढा काढा. पुढच्या बूटला प्रत्येक क्लोन आपापला नवा आयडी लिहून घेते. त्याच वेळी एसएसएचच्या होस्ट की आणि सिस्टमडीची रँडम-सीड फाइलही काढा, त्याही क्लोनमध्ये जशाच्या तशा जातात. हे सगळं एका फटक्यात करणारं व्हर्ट-सिसप्रेप हे हत्यार आहे, आणि लॅब सांभाळणाऱ्या प्रत्येकाने ते शिकून घ्यावं असं मला मनापासून वाटतं. घाईच असेल, परीक्षा तासाभरावर आली असेल, तर प्रत्येक क्लोनच्या नेटप्लॅन फाइलमध्ये डीएचसीपी-आयडेंटिफायर या ओळीपुढे मॅक असं लिहा आणि नेटप्लॅन अप्लाय करा. वेळ निभावेल.

पत्ता बरोबर तयार होतो, लावलाही जातो, आणि क्षणभराने बदललेला दिसतो, असाही एक प्रकार आहे. इथे स्क्रिप्टनंतर दुसरं कुणीतरी हात मारत असतं. सिस्टमडीच्या लिंक फाइलमध्ये मॅक-ॲड्रेस-पॉलिसी असते आणि ती मुळात पर्सिस्टंट असते. २४२ या आवृत्तीपासून ती ब्रिजसारख्या आभासी उपकरणांनाही लागू होते. तुमची स्क्रिप्ट ब्रिज बनवते, पत्ता लावते, आणि मागून सिस्टमडीचा युडेव्ह येऊन आपला लावतो. कोण आधी पोचतो यावर निकाल ठरतो, म्हणून तो कधी असा तर कधी तसा. त्या उपकरणासाठी वेगळी लिंक फाइल लिहून पॉलिसी नन, म्हणजे काहीच नाही, अशी ठेवा. लॅपटॉपवर हेच काम नेटवर्कमॅनेजर करतो, तिथे क्लोन्ड-मॅक-ॲड्रेस ही सेटिंग पाहावी.

ब्रिजची आणखी एक खोड सांगायलाच हवी, कारण तिच्यात व्हीएमऐवजी होस्टच तुटतो. ब्रिजला स्वतःचा पत्ता ठरवून दिला नसेल, तर लिनक्स त्याला जोडलेल्या पोर्टांपैकी सगळ्यात लहान मॅक उचलतो. नवीन व्हीएमच्या टॅपला (तिला ब्रिजशी जोडणारं आभासी कार्ड) रँडमने ०२ने सुरू होणारा पत्ता मिळाला की तोच सगळ्यात लहान ठरतो, ब्रिजचा पत्ता बदलतो, आणि होस्टवर चाललेली सगळी कनेक्शन लटकतात. व्हीएम सांभाळणारा लिबव्हर्ट टॅपच्या पत्त्याचा पहिला बाइट एफई ठेवतो तो याचसाठी, म्हणजे तो कधीच सगळ्यात लहान ठरू नये. हाताने टॅप बनवणाऱ्यांनीही तेच करावं, किंवा ब्रिजला पत्ता ठरवून द्यावा. मी ब्रिजलाच ठरवून देतो, त्यात पुढे विचार करायला काही उरत नाही.

सीड, पहिला बाइट, मशीन-आयडी हे सगळं नीट केल्यावरही एक प्रश्न उरतो: प्रत्येक बूटला नवा पत्ता हवाच कशाला? माझ्या मते लॅबमध्ये तो मुळीच नको. रँडम पत्ता व्हीएमच्या जन्माच्या वेळी एकदा तयार करायचा, आधीच्या यादीशी ताडून पाहायचा, आणि लिहून ठेवायचा. लिबव्हर्टला मॅक दिलाच नाही तर तो स्वतः एक तयार करून व्हीएमच्या व्याख्येत कायमचा नोंदवतो, आणि व्हर्ट-क्लोन प्रत्येक क्लोनला नवा देतो. म्हणजे बूटच्या वेळी चालणारी ती स्क्रिप्ट चक्क काढून टाकता येते, आणि अनेक लॅबसाठी खरी दुरुस्ती हीच आहे.

रोज नवा पत्ता घेण्याची किंमत डीएचसीपीच्या पूलमध्ये, म्हणजे वाटायला असलेल्या आयपींच्या साठ्यात, मोजावी लागते. मॅकवरून ओळख देणाऱ्या व्हीएमचा पत्ता बदलला की सर्व्हरसाठी ती नवीच पाहुणी. जुन्या पत्त्याला ठरावीक मुदतीसाठी दिलेला आयपी, म्हणजे त्याची लीज, मात्र मुदत संपेपर्यंत अडून राहते. पूल १०० आयपींचा आणि लीज २४ तासांची असेल, तर २० पीसींचे २० आयपी आणि चार वेळा बूट झालेल्या २० व्हीएमचे ८०, इतक्यात पूल खलास. पावसाळ्यात एका दिवसात चार वेळा लाईट जाणं-येणं ही काही नवलाची गोष्ट नव्हे. संध्याकाळच्या बॅचला आयपीच मिळत नाही आणि दोष बिचाऱ्या राउटरला लागतो. कळंगुट, बागा भागात गेस्ट हाउस चालवणाऱ्यांनाही पूल संपण्याचा त्रास होतो, पण तिथे कारण येणारे-जाणारे पाहुणे असतात. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४पासून फोन रँडम मॅक वापरतात, पण एका वायफायपुरता ते सहसा एकच पत्ता धरून ठेवतात. तिथे लीज काही तासांवर आणली की भागतं.

मुलांच्या हातात स्वतः पत्ते तयार करणारी कमांड द्यायचीच असेल, आणि शिकवण्यासाठी ती जरूर द्यावी, तर तिच्यात दोन गोष्टी घाला. तयार झालेला पत्ता एका सामाईक फाइलमध्ये लिहिला जावा, आणि तो तिथे आधीच असेल तर कमांडने दुसरा बनवावा. आणि रँडमऐवजी ठरावीक पत्ता हवा असेल तर व्हीएमचं नाव, पीसीचा क्रमांक आणि लॅबचा एक गुप्त शब्द जोडून त्याचा शा-२५६ काढा, पहिले सहा बाइट घ्या, पहिल्या बाइटवर वरची क्रिया करा. एमडी५वाल्या जुन्या स्क्रिप्टपेक्षा यात फरक इतकाच की आत जाणारी माहिती प्रत्येक मशीनची वेगळी आहे, आणि सगळं महत्त्व त्यालाच आहे. डिस्क पुसून व्हीएम पुन्हा बसवली तरी पत्ता तोच येतो आणि डीएचसीपीची नोंद बदलावी लागत नाही.

आयपी पत्ते रँडम बनवणाऱ्यांसाठी थोडंसंच. सरावासाठी १०, १७२.१६ ते १७२.३१ किंवा १९२.१६८ने सुरू होणाऱ्या खासगी पट्ट्यांतच राहा. नोट्समध्ये किंवा प्रश्नपत्रिकेत छापायचे असतील तर १९२.०.२, १९८.५१.१०० आणि २०३.०.११३ या तीन पट्ट्या उदाहरणांसाठीच राखून ठेवलेल्या आहेत. चारही आकडे आंधळेपणाने रँडम घेतले तर कुणाच्यातरी खऱ्या सर्व्हरचा पत्ता छापला जातो, आणि वर्गातली सगळी मुलं त्याला पिंग करत बसतात.

घरी लॅपटॉपवर हा प्रयोग करणाऱ्यांकडून शेवटची एक तक्रार येते: लॅबमध्ये चालणारी व्हीएम घरी वायफायच्या ब्रिजवर अजिबात बोलत नाही. तिथे पत्त्यात खोट नसते. वायफायचा ॲक्सेस पॉइंट फक्त त्याच्याशी जोडणी केलेल्या मॅकच्याच फ्रेम स्वीकारतो. व्हीएमच्या नव्या मॅकने अशी जोडणी केलेली नसते, त्यामुळे तिच्या फ्रेम तो टाकून देतो. घरी व्हीएमला नॅटवर ठेवा, म्हणजे ती लॅपटॉपच्याच मॅकमागून बोलेल, किंवा लॅपटॉपला राउटरपर्यंत केबल लावा.